ओल्या हाताचे टाके

रुपालीने विणलेला पहिला तुकडा मालनबाईंनी हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि त्याच्या टाक्यात सुई घालायला गेल्या, तर सुई आत शिरेना. वीस टाके, आठ ओळी. तळहाताएवढाही नव्हता तो. दुकानातून आणताना लोकर दुधासारखी पांढरी होती. आता तिला पायपुसण्याची कळा आली होती. वर कुबट वास.

"अगं, टाके घातलेस का गळे आवळलेस?" मालनबाई म्हणाल्या.

 रुपालीला त्या तुकड्याकडे बघवत नव्हतं. कुणाच्या तरी कानातून काढलेल्या बोळ्यासारखा तो दिसत होता, आणि तो तिच्याच हातून निघाला होता. तिने दोन्ही तळवे साडीला पुसले. पुसून खाली ठेवले न ठेवले तोच ते पुन्हा ओले.

हे हातांचं लहानपणापासूनचं होतं. उन्हाळा असो की थंडी, तळव्यांना पाणी सुटायचं ते सुटायचंच. आई साळूबाई पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी. ती म्हणायची, "देवानं हात द्यायच्या जागी झरा दिलाय हिला." ती हसून म्हणायची, पण शाळेत कुणी हसून घेतलं नाही. वहीची पानं शाई फुटून चिकटायची. गुरुजी तिची वही दोन बोटांच्या चिमटीत धरून तपासायचे आणि नंतर बोटं खडूच्या भुकटीत घोळवायचे. फुगडीला तिचा हात कुणी धरत नसे. कातडीच्या डॉक्टरने एक औषध दिलं, त्याने हाताची सालं निघाली, आणि सालांखालूनही पाणी आलंच.

लग्न होऊन ती भिंगारला आली. नवरा वाल्मिक सुप्याच्या एका कारखान्यात फिटर होता. पहिल्या वर्षी त्याने तिलाही तिथल्याच दुसऱ्या एका कारखान्यात चिकटवली. लोखंडी कड्या मोजून, माप घेऊन खोक्यात भरायच्या, एवढंच काम. हातमोजे मिळायचे. संध्याकाळी मोजा उपडा केला की त्यातून पाणी गळायचं आणि सडक्या फुग्यासारखा वास यायचा. बाजूच्या मुली नाकाला ओढणी लावायच्या. एका दुपारी मोज्यामुळे बोटं घसरायला लागली, म्हणून तिने ते काढून ठेवले आणि तासभर उघड्या हाताने कड्या भरल्या. आठ दिवसांनी ते खोकं परत आलं. वरच्या कडीवर गंज चढला होता, तोही अंगठ्याच्या आकाराचा. एकेक रेष मोजून घ्यावी इतका स्वच्छ. सुपरवायझरने ती कडी कागदात धरून विचारलं, "हे कुणाचं?" मग सगळ्या मुलींना ओळीत उभं करून तळवे पुढे करायला लावले. रुपालीच्या तळव्यापाशी तो थांबला आणि नकळत अर्धं पाऊल मागे सरकला. ते अर्धं पाऊल ती अजून विसरली नव्हती.

काम सुटलं. का सुटलं ते वाल्मिकने घरी सांगून टाकलं. तेव्हापासून तिची सासू पुष्पावतीबाई हिने तिला कणकेला हात लावू दिला नाही. "तू भाजी चीर, भांडी घास. पीठ मी मळीन," एवढंच तिने सांगितलं. भांडणही केलं नाही. पण जेवताना ती रुपालीच्या हातून ताट घेत नसे; "ठेव तिथं" म्हणायची, आणि रुपाली मागे सरली की मग उचलायची. वाल्मिक मान खाली घालून जेवायचा. मोटारसायकलवर मागे बसलं की रुपालीचा हात त्याच्या खांद्यावर असायचा आणि सदऱ्यावर ओला पंजा उमटायचा. वर्षभरात त्याचे फिके सदरे एकेक करून मागे पडले आणि गडद निळे, काळे आले. हे तिच्यासाठी की स्वतःच्या लाजेखातर, हे तिने त्याला कधी विचारलं नाही.

अशी बाई विणायला शिकायला गेली ती हौसेने नव्हे, रागाने.

झालं असं. नणंद धनश्री पुणतांब्याला दिलेली. तिला दिवस गेले होते, बाळंतपणाला ती माघारी भिंगारला येणार होती, आणि ते भर थंडीत. पुष्पावतीबाईला बाळासाठी हातानं विणलेलं टोपडं, अंगडं आणि मोजे हवे होते. गल्लीच्या टोकाला मालनबाई राहायच्या. नवऱ्याबरोबर पलटणीच्या गावोगावी फिरून आलेल्या, पठाणकोटच्या थंडीत विणायला शिकलेल्या. भिंगारमधली निम्मी पोरं त्यांच्या टोपड्यांत वाढली होती. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

"मला आता टाका दिसत न्हाई," त्या पुष्पावतीबाईच्या ओट्यावर बसून म्हणाल्या. "पर शिकवीन. तुझी सून घरातच असती की. धाड तिला."

रुपाली आत भांडी घासत होती. तिला सासूचं तोंड दिसलं नाही, पण आवाज आला.

"तिला? तिच्या हातानं? शी! लेकराच्या अंगाला लागायचं हाय ते."

ते "शी" मालनबाईंनाही लागलं असावं, कारण त्या लगेच उठून गेल्या. रुपालीने हातातलं पातेलं तसंच राखेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू झोपली, तेव्हा ती चप्पल घालून मालनबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला शिकवा," ती म्हणाली. "हात ओले असतात माझे. आधीच सांगते."

"सुया कोरड्या हायत माझ्या," मालनबाई म्हणाल्या. "बस."

मालनबाई मिश्री लावायच्या. शेजारी डालड्याचा जुना डबा, त्यात त्या थुंकायच्या, आणि कडा शिवायच्या जाड सुईच्या नेढ्यात लोकरीचं टोक घालताना तेच बोट जिभेवर फिरवायच्या. काळी लाळ, काळं बोट, त्याच बोटाने लोकर. पहिल्या दिवशी रुपालीला घास वर आल्यासारखं झालं. तिने तोंड फिरवलं. मग लक्षात आलं, आपण तोंड फिरवलं ते या बाईला समजलंय, आणि तरीही ती आपला ओला हात स्वतःच्या हातात घेऊन बोटं वळवून दाखवतेय. एकदाही पदराला हात पुसत नाहीये. रुपालीला लाज वाटली. डब्याची शिसारी मात्र गेली नाही.

शिकवणं साधं होतं. लोकर उजव्या करंगळीला एक वेढा द्यायची, मधल्या दोन बोटांखालून घेऊन पहिल्या बोटावर आणायची. वेढा सैल पडला तर टाके ढगळ, आवळला तर टाके घट्ट. "सगळा खेळ ताणाचा," मालनबाई सांगायच्या. "टाका कुनीबी घालतंय. ताण सारखा ठिवनं, हे विणणं."

रुपालीच्या बोटांवरून लोकर सरकतच नव्हती. ओल्या कातडीला ती चिकटून बसायची. टाका घ्यायला ओढावी लागे, ओढली की झटक्याने यायची आणि मागचा टाका आवळून टाकायची. चार ओळींत बोटांत काळपट वळ्या जमायच्या, केस आणि मळ आणि घाम एकत्र मळून झालेल्या, त्या ती नखाने खरवडून काढायची. एकदा तिने हाताला टाल्कम पावडर चोपडली. दहा मिनिटांत पावडरीची खळ झाली आणि लोकरीला गुलाबाचा, घामाचा असा विचित्र वास बसला, की तिने तो तुकडा नाकापासून लांब धरूनच उसवला. सुया जुन्या, पोलादी होत्या. आठवड्यात दोन्ही सुयांवर जिथे तिची बोटं असायची तिथे तांबूस कडं आलं. पांढऱ्या लोकरीत ते उतरलं. सुप्याची ती कडीच जणू तिच्या मागोमाग इथवर आली होती. तिने सुया खाली टाकल्या.

"झालं," ती म्हणाली. "गंज आला. मी हात लावीन तिथं हेच."

मालनबाईंनी सुई डोळ्यांजवळ नेली, तरी त्यांना ती नीट दिसली नाही. मग त्यांनी ती बोटाने चाचपली. "पोलाद हाय, गंजनारच. माज्या पेटीत बांबूच्या हायत, त्या घे. आन ऐक. तू लोकर धरतीस कशी ठावं हाय का? मेलेला उंदीर शेपटीला धरल्यावानी. टोकाला धरतीस आन हिसका देतीस. तुला तिची किळस येती."

"तिची नाही," रुपाली म्हणाली. "माझी."

मालनबाई डब्यात थुंकल्या. "ती का येऊ नये मला सांगता यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर विणताना नगं."

सांगून काही किळस जात नाही. रुपालीने मन घट्ट करून लोकर पुरती तळव्यात घेतली, ओढणं सोडलं, तर टाके एवढे सैल पडले की त्यातून करंगळी आरपार जाई. मग पुन्हा आवळले. एका ओळीत पाच टाके दगड, पाच टाके जाळी. पट्टी कडेने नागमोडी झाली. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, धनश्री सातव्या महिन्यात माघारी आली, आणि रुपालीकडे दाखवायला उसवून उसवून केसाळ झालेली वीतभर पट्टी होती. रुपाली ती घरी नेत असे, उशीखाली ठेवत असे आणि सकाळी कामं उरकताना मनात टाके मोजत असे.

एका सकाळी ती न्हाणीघरात आली तर पुष्पावतीबाई बंबापुढे बसलेली होती. हातात चुलीचा चिमटा. चिमट्यात ती पट्टी.

"आत्या, ते माझं आहे."

"बिछान्यात असली घाण ठिवतात व्हय?" सासू म्हणाली. "मला वाटलं उंदीरच मेला." आणि तिने चिमटा बंबाच्या तोंडात घालून उघडला.

लोकर खरी नव्हती, बाजारची नायलॉनसारखी. ती पेटली नाही, वितळली. आधी आक्रसली, मग तिच्यातून काळे थेंब गळायला लागले, टप टप, आणि असा घाणेरडा धूर सुटला की आतल्या खोलीतून धनश्री तोंडाला पदर लावून मागच्या दाराबाहेर धावली. तिला उलटी झाली. पुष्पावतीबाई खोकत खोकत म्हणत होती, "बघ, वास बघ कसला! बघ!" जणू तो वास रुपालीच्या हातांचाच होता आणि आगीने तो सगळ्यांना सिद्ध करून दाखवला होता. बंबाच्या जाळीवर काळा चिकट गोळा उरला. तो नंतर रुपालीनेच सुरीने खरवडला.

ती रडली नाही. खरवडताना तिला उमगलं की आतापर्यंत ती सासूचं खरं मानत आली होती. म्हणूनच उशीखाली लपवत होती. आणि हे मानणंच तिला आता त्या काळ्या गोळ्यापेक्षा ओंगळ वाटलं.

दुपारी ती मालनबाईंकडे गेली ती नवा लिंबोणी रंगाचा गुंडा घेऊन. लोकर करंगळीला गुंडाळायला घेतली आणि झटकन सोडली. नको. तो चिकट वेढा आज बोटाला नकोच. रागारागाने तिने ब्लाउजच्या डाव्या खांद्यावरची सेफ्टी पिन काढली, लोकर तिच्यातून ओवली, पिनेला एक वेढा दिला आणि पिन पुन्हा खांद्याला लावली. गुंडा पातेल्यात, लोकर खांद्यावरून खाली सुईवर. आता बोटाला तिला धरायचं कामच उरलं नव्हतं. डाव्या अंगठ्याने नुसती टिचकी मारायची, लोकर सुईवर पडायची, टाका उचलायचा.

उलटा टाका तर फारच सोपा झाला. ताण पिन धरत होती. पिनेला घाम येत नव्हता.

"काय गं हे? बैलाच्या वेसणीसारखं?" मालनबाईंना खांद्यावरून जाणारी पिवळी रेघ तेवढी दिसत होती.

"थांबा काकू. बोलू नका. मोजतेय."

तिने वीस ओळी विणल्या. मधेच वेढा काढून पाहिला, टाके सैल पडले, पुन्हा दिला. पिन मानेजवळ घेतली तर लोकर घासली, खांद्याच्या कडेला नेली तर ताण उतरला. बोटभर आत आणली. तासभराने तुकडा तिने मालनबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्नच केला नाही. डोळे मिटून अंगठा वरून खाली फिरवला, मग आडवा, मग पाठीमागून. शिंप्याची टेप मागितली. "तूच वाच."

"चार इंचांत बावीस टाके," रुपाली म्हणाली. तिने मधे मोजलं, खाली मोजलं. बावीस. बावीस.

"माज्या सासूनं बगितलं असतं तर म्हनाली असती, ही काय बाईची रीत हाय का," मालनबाई म्हणाल्या. "मला तर पन्नास वर्सांत सुचलं न्हाई. वीण पुढं."

टोपडं आठ दिवसांत झालं. सुलटा टाका अजून अडखळायचा, म्हणून तिने बहुतेक सगळं उलट्यावरच काढलं. कानपट्ट्या दोनदा उसवल्या. लोकरीला अंगठ्याचं टोक तेवढं लागायचं, ते ती ओळ संपली की पंच्याला पुसायची. आता पुसताना ती कुणी बघतंय का ते पाहत नसे. घरी मात्र तिने एक टाका घातला नाही. सगळं मालनबाईंच्या पडवीत.

धनश्रीला मुलगी झाली. नगरच्या दवाखान्यातून आणली तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता. रुपालीने टोपडं धुऊन, वाळवून धनश्रीच्या हातात दिलं. पुष्पावतीबाईने ते तिच्याकडून घेतलं, डेटॉलच्या पाण्यात बुचकळलं, वाळवलं, पुन्हा बुचकळलं. रुपाली दारात उभी राहून बघत होती. धनश्री म्हणाली, "आई, पुरे की." पण हळूच म्हणाली.

बाराव्या दिवशी बारसं. पुणतांब्याहून जीपभर बायका आल्या. पाळण्याला फुगे, ताटात घुगऱ्या. बाळाच्या डोक्यावरचं टोपडं बायकांच्या डोळ्यांत भरलं. एकीने ते काढून उलटं करून पाहिलं. "टाके बघा गं, कसे एकसारखे! मशिनीचं हाय का?"

"मशिनीचं कशाला?" पुष्पावतीबाई पुढे झाली. "आमच्या सुनंनं विणलंय. हाताची कला हाय तिच्या. ये गं रुपाली, ये, दाखव."

आणि तिने रुपालीचा हात धरला. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. सासूने तिचा हात आज पहिल्यांदा धरला. बायकांसमोर तिने तो उचलून हलवला, हसली, "असं हाय बघा आमचं," म्हणाली. मग सोडला. सोडल्यावर तिचा पंजा खाली गेला, मांडीवरच्या जरीच्या पदरावर दोनदा फिरला, खालून वर, खालून वर. बायकांचं लक्ष पाळण्याकडे होतं. रुपालीने पाहिलं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. सासूच्या कपाळावरचं मोठं कुंकू, घुगऱ्यांचं तेल लागलेले ओठ, कौतुकाचा तो गोड आवाज, सगळं तिला एकदम असह्य झालं. बंबाच्या धुराने इतकं झालं नव्हतं.

"माझ्या भावजयीला होईल आता फाल्गुनात," ती टोपडं पाहणारी बाई म्हणत होती. "आमाला बी द्याल का विणून?"

"देईल की! तिला काय काम असतंय?" पुष्पावतीबाई म्हणाली.

"देईन," रुपाली म्हणाली. आवाज चढला नाही, पण बायकांनी वळून पाहिलं. "पण इथं नाही विणत मी. गल्लीच्या टोकाला मालनबाई आहेत, त्यांच्या पडवीत असते रोज दुपारी. तिकडं या. आणि माझ्या हाताला घाम येतो, कायम येतो. आत्यांना त्याची किळस आहे. आता इथंच पुसला त्यांनी हात. तुम्हाला चालत असेल तर या."

 पुष्पावतीबाईचा हात पदरावर होता तिथेच राहिला. धनश्रीने मान खाली घालून बाळाच्या हनुवटीखाली टोपड्याची नाडी बांधली. त्या बाईने एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. "घाम काय, आमालाबी येतोच," ती पुटपुटली, पण येईन म्हणाली नाही.

रुपाली मागच्या दाराने निघाली. वाल्मिक अंगणात मंडपाच्या दोऱ्या सोडवत होता. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"चारचौघांत बोलायचं होतं का?" तो म्हणाला.

"त्यांनी चारचौघांतच पुसला."

त्याने दोरी खाली ठेवली. "मी काय करू?"

"दोन वर्षं हेच विचारताय," ती म्हणाली आणि गेली.

मालनबाई पडवीत उन्हाला पाठ करून बसल्या होत्या. रुपालीने सगळं सांगितलं, पदरावर फिरलेला हातसुद्धा. 

"मग? आता कसं वाटतंय?" मालनबाईंनी विचारलं.

"घाण वाटतंय," रुपाली म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "पण माझी नाही वाटत."

मालनबाईंनी मिश्रीची डबी उघडली. रुपालीने नेहमीसारखं तोंड फिरवलं, आणि दोघींपैकी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मग तिने पेटीतून बांबूच्या चार बारक्या सुया काढल्या. अंगडं बाकीच होतं, बाळाचे मोजेही अजून व्हायचे होते, आणि टाच कशी वळवायची ते तिला अजिबात ठाऊक नव्हतं. मालनबाईंनी तोंडाने सांगितलं, तिने घातलं, चुकलं. टाचेच्या जागी एक टेंगूळ आलं. तिने ते उन्हात धरून पाहिलं, "हे काय बाई," म्हणाली आणि बारा टाके उसवले.